एका मिस कॉलवर कोण हलतंय

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस आधी गाव विचारतो, मग काम. गावाचं उत्तर सोपं आहे. कामाच्या उत्तराला मी आजवर नाना वेश चढवून पाहिले. 'कंपनीत आहे' म्हटलं तर पुढचा विचारतो, मशीनवर का ऑफिसात? 'लिहितो' म्हटलं तर तो हातातली जिलेबी खाली ठेवतो आणि हळू आवाजात म्हणतो, "आणि पोटापाण्याचं?" शेवटी मी खरं ते सांगायला लागलो. यंत्राच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद असतो ना, कसं जोडायचं, कसं चालवायचं, काय करायचं नाही, तो कागद मी लिहितो. हे ऐकल्यावर माणसाचा चेहरा एकदम खुलतो.

"हां, तो कागद. खोकं उघडलं की आधी तोच फेकतो आम्ही."

मला याचं दुःख नाही. बीडच्या बस स्टँडवर मी माझाच एक कागद पेरूच्या फोडींखाली पाहिला आहे. 'वीजप्रवाह बंद केल्याशिवाय झाकण उघडू नये' या ओळीवर तिखट-मीठ सांडलेलं होतं. मी पेरू खाल्ला, कागद झटकून पुन्हा वाचला आणि ओळ बरी जमलीय असं स्वतःशी म्हणून गाडीत चढलो. कॉलेजात मी नाटकं केली आहेत. प्रेक्षक उठून गेला तरी आपलं वाक्य पुरं करायचं, ही सवय तिथली.

तर आमची कंपनी शहराबाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये. आम्ही शेतातल्या मोटारीला लावायचा डबा करतो. विहिरीवर स्टार्टरशेजारी हा डबा बसवायचा. त्यात एक सिम कार्ड. माणसानं घरी बसून त्या नंबरला मिस कॉल दिला की डबा तिन्ही फेज आलेत का ते तपासतो आणि मोटार चालू करतो. पुन्हा मिस कॉल दिला की बंद करतो. आडरानात, चिखलात, अंधारात जायची गरज नाही. काम झालं की डबा मेसेजही पाठवतो. हा डबा आमच्या साहेबांनी स्वतःच्या हातानं घडवलेला. साहेब माझ्याहून लहान, पुण्यात शिकून मुद्दाम बीडला परत आलेले आणि त्या डब्याकडे घरातल्या पहिल्या नातवाकडे बघावं तसं बघणारे.

गेल्या हिवाळ्यात हे डबे परत यायला लागले. तक्रार सगळ्यांची एकच: घरून चालू केलेली मोटार रानात जाऊन बघावी तर बंद. आमच्या सर्व्हिसचे उस्ताद, ज्यांनी बीडमध्ये टेपरेकॉर्डरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं उघडून पाहिलंय, ते एकेक डबा टेबलावर घेत, जोडत, चालवत आणि मान हलवत. डब्यात काहीच बिघाड नसे. दुरुस्तीच्या खोलीत त्या निरोगी डब्यांची चळत लागली.

एके दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"डब्यात दोष नाही," ते म्हणाले. "म्हणजे लोकांना वापरता येत नाही. वापरायचं कसं ते तुम्ही कागदात लिहिलंय. बरोबर लिहिलंय, मी वाचलंय. मग याचा अर्थ काय?"

"काय?"

"कागद कुणी वाचत नाही. आणि कुणी वाचत नसेल तर लिहिणारा कशाला पाहिजे? राग मानू नका, मी नुसता विचार करतोय. सेल्सवाले फोनवर छोटे व्हिडिओ करून टाकतील."

"आणि मी?"

"बघू. डीलरची बैठक होऊ द्या."

आमच्याकडे मुलगी बघायला आलेले लोक पोहे खाऊन 'बघू' म्हणून उठले की घरातले त्याच संध्याकाळी दुसरं स्थळ शोधायला लागतात. मी कुठलं स्थळ शोधणार? यंत्राचे कागद लिहिणारा माणूस पाहिजे, अशी जाहिरात बीड जिल्ह्यात कुणी पाहिली असेल तर मला दाखवावी. पन्नाशीला टेकलेला माणूस, अंगी कला एकच, तीही लोक पेरूखाली घालतात.

त्या दिवसापासून माझं बूड एका जागी टेकेना. ऑफिसात खुर्चीवर बसलो की वाटे, ही आता किती दिवस आपली. उठलो की वाटे, उठलेलं पाहून कुणी बसेल. घरी जेवताना मध्येच उठून खिडकीशी जाई, परत येई, फोन बघे, ठेवे. बायकोनं दोन दिवस हे सोसलं. तिसऱ्या दिवशी माझ्या हातात पिठाचा डबा देऊन म्हणाली, "अहो, फिरायचंच आहे तर दळण तरी घेऊन या." त्या आठवड्यात आमच्या घरी ज्वारी, गहू, बाजरी, सगळं दळून झालं.

शेवटी मी उस्तादांना म्हटलं, "मला तक्रारीवर घेऊन चला."

"तुमी येऊन काय करणार, मास्तर? डब्याला कागद वाचून दाखवणार?"

"डबा ऐकत असेल तर तेही करू."

त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी नेकनूरला गेलो. शेतकरी बांधावर वाटच बघत होता. म्हणाला, "मोटारीला बाहेरचं काहीतरी लागलंय. मी लिंबू बी उतरवलं." उस्तादांनी डबा उघडला, तारा तपासल्या, स्वतःच्या फोनवरून कॉल लावला, कापला. थोड्या वेळानं मोटारीनं हुंकार दिला आणि पाइपातून पाणी धडाधड पडायला लागलं. पाण्यात उभं राहून आम्ही ती बराच वेळ पाहिली. बंद पडायचं नाव नाही. शेतकरी खूश. आम्ही निघालो, गावातल्या हॉटेलात चहा सांगितला. चहा येतोय तोच उस्तादांचा फोन वाजला. शेतकऱ्यानं मोटार स्टार्टरवरून बंद करून पुन्हा स्वतः कॉल लावला होता आणि ती बंदच राहिली होती.

उस्तादांनी फोन ठेवला, चहा बशीत ओतला आणि माझ्याकडे बघितलं. "आपुन हाय तवर चालती. आपली पाठ फिरली की बंद. ही मोटार हाय का शाळंतली पोरं?"

ते हे गमतीनं बोलले, पण परत येताना सगळ्या रस्त्यानं ते वाक्य माझ्या कानात घुमत राहिलं. आमची पाठ फिरल्यावर काय बदलत होतं? डबा तोच, तारा त्याच, लाईट तीच. बदलत होता फक्त फोन लावणारा हात. आजवर प्रत्येक तक्रारीवर उस्तादांनी कॉल स्वतः लावून पाहिला होता. दुसऱ्याला लावताना कुणी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच एसटीनं दिंद्रुडला गेलो. तिथल्या एका मावशींची तक्रार सगळ्यात जुनी होती. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, त्यामुळे कांद्याच्या रानाचं पाणी मावशींच्या ताब्यात. रान गावापासून लांब, घर गावात. मी गेलो तेव्हा शेताची लाईट यायची होती. मावशींनी खाट टाकली, पाणी दिलं आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. मी खाटेवर बसलो, उठलो, दारात गेलो, परत आलो.

"साहेब, बसा की. मुंगळा चावला का काय?"

मी बसलो. मग सहज वाटावं अशा सुरात विचारलं, "मावशी, डब्याबरोबर एक कागद आला होता. तो फेकला असेल ना?"

"फेकू कावून?" मावशींनी कोपरानं लोखंडी कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला माझा कागद चारी कडांनी चिकटवलेला होता. मला काय वाटलं ते मी लिहीत नाही. मावशी तर पीठ मळता मळता तो म्हणायलाच लागल्या. "नोंद केलेल्या नंबरवरून मिस कॉल द्यावा. डबा लाईट तपासून मोटार चालू करंल, त्याला थोडा येळ लागतो. दुसरा मिस कॉल दिल्यास मोटार बंद व्हईल. समदं पाठ हाय मला. पर मोटार काय वाचती का?"

म्हणजे साहेबांचं म्हणणं निकालात निघालं होतं. कागद वाचला जात होता, पाठ होत होता आणि तरी मोटार बंद पडत होती. माझी अवस्था आणखी वाईट झाली. न वाचलेला कागद निरपराध असतो. हा तर वाचलेला.

एवढ्यात मावशींच्या फोनवर गावच्या ग्रुपचा मेसेज आला, लाईट आली म्हणून. मावशींनी हात धुतले, पदराला पुसले, फोन घेतला. नंबर लावला. एक रिंग गेली, कापला. पडद्याकडे पाहिलं. पुन्हा नंबर लावला, पुन्हा एक रिंग जाऊ दिली, कापला. फोन फळीवर ठेवला आणि तव्याकडे वळल्या. भाकरी एका बाजूनं शेकून कुणी तव्यावरून काढत नाही, त्यातलंच हे होतं. इतकं सहज की मी डोळे लावून बसलो नसतो तर मलाही दिसलं नसतं.

"मावशी, दोनदा लावला."

"मंग?"

"दुसरा कॉल दिला की मोटार बंद होते, आत्ताच म्हणालात."

"तो बंद करायचा. त्यो मी सांजच्याला देत आसते. ह्यो चालू करायचा हाय."

"पण दोनदा का?"

मावशींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी बाहेरच्या देशातून आलोय. "एका मिस कॉलवर कोण हलतंय? एक म्हंजी कुनाचा तरी खिशात दाबला गेला. दोन आले म्हंजी मानूस हाय पलीकडं, काम हाय त्याचं. जावायाला सुदा दोन द्यावे लागत्यात. आन पयला पोचला का न्हाई, ते कळाया नको?"

मी जागेवरून उठून हसायला लागलो. कारण हे मला माहीत होतं. मीही असंच करतो. फुकटात बोलायची सोय आली तरी आमच्या जिल्ह्यातून मिस कॉल गेलेला नाही, आणि राहिलाय तो जोडीनंच. स्टँडवर उतरलो की घरी दोन, दारात गाडी आली की दोन. डबा बिचारा सरळमार्गी. पहिल्या कॉलला तो उठायच्या तयारीला लागे, दुसऱ्याला 'नको म्हणतायत' असं समजून बसून घेई. त्याचा मेसेज जाई, पण आमच्याकडे मेसेज उघडतो कोण? तिथे नुसत्या जाहिराती.

आम्ही दोघं रानात गेलो. मोटार गप्प. मी म्हटलं, मावशी, आता एकदाच लावा. त्यांनी लावला, कापला. डबा लाईट तपासत होता. मावशींचा अंगठा परत फोनकडे निघाला.

"थांबा."

त्यांनी फोन छातीशी धरला, मग दुसऱ्या हातात दिला, मग माझ्याकडेच दिला. "धरा तुमी. हात शिवशिवतोय माझा."

मोटार उचलली, पाणी आलं. पण मी पाण्याकडे नाही, त्या शिवशिवणाऱ्या हाताकडे बघत होतो. सगळं समजलेल्या, कागद पाठ असलेल्या, मी समोर उभा असलेल्या बाईचाही हात थांबत नव्हता. इथे माझी कितीही ठळक ओळ काय करणार होती?

परतीच्या एसटीत मला खिडकीजवळची जागा मिळाली आणि मी ती एका आजोबांना देऊन दारापाशी उभा राहिलो, कारण बसवत नव्हतं. साहेबांना हे सांगितलं तर ते काय म्हणतील ते मला स्पष्ट ऐकू येत होतं: 'असं होय? मग कागदात मोठ्या अक्षरात टाका, दोनदा कॉल देऊ नये.' मी टाकणार, लोक वाचणार, हात शिवशिवणार, डबे परत येणार आणि मी घरी जाणार. सांगून भागणार नव्हतं. दाखवावं लागणार होतं. नाटकवाल्याला एवढं कळतं.

मी कुणाला काही बोललो नाही. फक्त उस्तादांना विश्वासात घेतलं. डीलरच्या बैठकीसाठी शेडच्या मागे पाण्याची टाकी, मोटार आणि डबा असं सगळं त्यांनी मांडलं. सगळ्या डीलरचे नंबर डब्यात नोंदवले, साहेबांचाही. मोटार बैठकीच्या खोलीतून दिसणार नाही, याची काळजी घेतली, कारण घरी बसलेल्या माणसालाही ती दिसत नसते. उस्ताद मागे उभे राहून खिडकीतून ओरडून सांगणार.

"आन कुनी एकदाच लावला तर?" उस्तादांनी विचारलं.

"तर मी घरी."

त्या सकाळी मला चहा गेला नाही. बैठक सुरू झाली. डीलर मंडळी तक्रारीनं भरून आलेली. साहेब त्यांना समजावत होते. मी मध्येच उभा राहिलो आणि शक्य तितक्या निष्पाप चेहऱ्यानं म्हटलं, "काका, तुम्हीच मोटार चालू करून बघा ना इथून. मागे लावलीय." हे काका आष्टीकडचे, आमचे सगळ्यात जुने डीलर. त्यांनी फोन कानाला न लावता हातात पुढे धरला, नंबर लावला, कापला. क्षणभर थांबले.

मी खिडकीकडे पाहिलं.

त्यांनी परत लावला, कापला आणि फोन खिशात टाकला. खिडकीतून उस्तादांचा आवाज आला, "बैठ गई."

साहेब म्हणाले, "काका, एकदाच द्यायचा कॉल."

"एकदाच दिला की."

"दोनदा दिलात."

"दुसरा पोचला का बघाया दिला. त्यो कशाला मोजता?"

खोलीत हसू फुटलं. साहेबांना ते आवडलं नाही. "हे बघा, असं असतं," म्हणून त्यांनी स्वतःचा फोन काढला. मी तर त्यांना करा म्हणालोही नव्हतो. त्यांनी नंबर लावला, एक रिंग, कापला. सगळे वाट बघू लागले. मागून काही आवाज नाही, डबा फेज तपासत होता. कुणीतरी खोकलं. साहेबांनी कॉलर नीट केली, खिडकीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. काका म्हणाले, "लागला का?" आणि साहेबांचा अंगठा आपोआप खाली आला. एक रिंग गेली. त्यांनी कापला.

तोवर उस्तादांचं डोकं तापलं होतं. खिडकीतून आवाज आला, "कौन है बे वो, दो-दो बार दबा रहा?"

साहेब स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं.

बैठक संपल्यावर केबिनमध्ये त्यांनी दार लावलं. "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आधी सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, कागदात ठळक टाका. ते ठळकच आहे. दिंद्रुडच्या एका मावशींना पाठ आहे. आणि तुम्ही तर डबा बनवलाय."

"मग काय, सगळ्या जिल्ह्याची सवय बदलायची?"

"डब्याची बदलू. पाठोपाठ आलेला दुसरा कॉल त्यानं मोजू नये. आणि मोटार उचलली की त्यानंच माणसाला उलट मिस कॉल द्यावा. मेसेज नको. मिस कॉल."

"एक?"

दाराबाहेर चहा घेऊन उभे असलेले उस्ताद आतच आले. "दोन द्या साहेब. एकावर इस्वास कोण ठेवणार?"

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "असं केलं तर तुमच्या कागदातली कुठली ओळ राहते?"

"मेसेजची जाईल, थांबायची जाईल. कागद अर्धा होईल."

"म्हणजे तुम्ही काम केलंत ते लिहिलेलं कमी करायचं."

"तसंच म्हणा."

"हे मी हिशेबात कुठे दाखवू?"

मी बाहेर आलो.

साहेबांनी डबा बदलला. नवे डबे गेले, परत येणं थांबलं. नेकनूरचा शेतकरी उस्तादांना भेटल्यावर म्हणाला, लिंबानं फरक पडला. माझ्याविषयी मात्र कुणी एक शब्द बोललं नाही. व्हिडिओचंही नाही, खुर्चीचंही नाही. मी रोज येई, बसे, उठे. दुपारी उगाच गेटपर्यंत जाऊन येई. घरी दळायला आता धान्य उरलं नव्हतं, तर बायकोनं भाजी निवडायला बसवलं.

मग एका सकाळी साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. आजवर यंत्र माझ्याकडे यायचं ते झाकण लागून, रंग होऊन, खोकं छापायला गेल्यावर. 'उद्यापर्यंत कागद द्या' एवढाच निरोप असायचा. या वेळी त्यांच्या हातात पाठीवरचा फवारणी पंप होता, त्याला तारा लोंबत होत्या आणि झाकणाचा पत्ता नव्हता.

"हे अजून कुणाला दाखवलेलं नाही," ते म्हणाले. "टाकीतलं औषध संपत आलं की लाल दिवा लागतो. झाकण बसवायच्या आधी तुमचं काय विचारायचं ते विचारून घ्या. यापुढे सगळंच असं येईल तुमच्याकडे, आधी."

मी पंप फिरवून पाहिला. दिवा छान होता, टपोरा, टाकीच्या मागच्या बाजूला बसवलेला.

"साहेब, जरा पाठीला लावता का?"

त्यांनी पट्ट्यांत हात घातले, पंप पाठीवर घेतला. मी तार जोडून दिवा लावला.

"दिसला?"

त्यांनी उजवीकडे मान वळवली. मग डावीकडे. मग खांद्यावरून मागे बघायचा प्रयत्न करत स्वतःभोवती एक गिरकी घेतली, आणखी एक घेतली. दिवा त्यांच्या पाठीमागून त्यांच्याबरोबर फिरत राहिला. दारातून जाणारे उस्ताद थांबून बघायला लागले.

साहेबांनी पंप उतरवून टेबलावर ठेवला, कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसले.

"आणखी काय?" ते म्हणाले.

मी हाताची बाही वर केली आणि सुरुवात केली.